डायनर तव्यावर चालतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या डायनरांवरचा, म्हणजे काउंटर आणि स्टुलांच्या छोट्या खानावळींवरचा, लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. मजकुरात मात्र दोन चुका आहेत आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहूनच गेली आहे. पत्र लांबले आहे, जागा असेल तसे छापावे.

पहिली चूक रेल्वेच्या डब्याची. मोडीत काढलेले डबे रुळावरून उतरवून त्यांत खानावळी थाटल्या, तेच डायनर, असे लेखात म्हटले आहे. हा गैरसमज अमेरिकेतही घरोघर आहे. घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घेतली तेव्हा काही जुने डबे स्वस्तात विकले गेले आणि त्यांत खाण्याचे धंदे निघाले, हे खरे. पण ते थोडे. बहुतेक डायनर कारखान्यात डायनर म्हणूनच बांधले गेले आणि त्यांचा मूळपुरुष होता रस्त्यावरची एक घोडागाडी. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा गृहस्थ रात्री गाडीतून सँडविच, ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पारी) आणि कॉफी विकू लागला. गाडी उभी राहायची ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या वृत्तपत्राच्या कचेरीपाशी, कारण बाकीची उपाहारगृहे बंद झाल्यावर जागी आणि भुकेली असत ती छापखान्यातली माणसे. स्कॉट स्वतः छापखान्यात राबलेला होता. आपल्या रात्रपाळीच्या मंडळींना हा तपशील आवडावा.

पुढे १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला सॅम जोन्सने गिऱ्हाइकाला पावसाथंडीत आत उभे राहता येईल एवढी गाडी काढली. १८९१ मध्ये चार्ल्स पामरने अशा गाडीचे पेटंट घेतले. नगरपालिकांनी या गाड्यांच्या वेळांवर बंधने आणली, तशा त्या रस्ता सोडून कडेच्या मोकळ्या जागेत कायमच्या वसल्या. मग कारखाने निघाले. वूस्टर लंच कार कंपनीने १९०६ ते १९५७ या काळात क्रमांक २०० पासून ८५० पर्यंत, म्हणजे ६५१ डायनर बांधले. न्यू जर्सीत जेरी ओमहोनीने १९१३ मध्ये सुरुवात केली आणि त्या राज्यात या धंद्याने असे मूळ धरले की आजही डायनर म्हटले की न्यू जर्सीचेच नाव आधी निघते. डायनर कारखान्यातून तवा, कॉफीची भांडी, स्टुले यांसह तयार यायचा. मालकाने पाया, पाणी, सांडपाणी आणि गॅसची जोडणी करून ठेवायची आणि पैसे हप्त्यांनी फेडायचे. कॅन्सस राज्यात विचिटाची व्हॅलेंटाइन कंपनी आठ-दहा स्टुलांचे छोटे डायनर बनवी. त्यांच्या दाराजवळ भिंतीत एक तिजोरी बसवलेली असे. मालकाने त्यात हप्त्याची रक्कम टाकत राहायचे आणि कंपनीच्या माणसाने येऊन ती उघडायची.

आता राहून गेलेली गोष्ट. लेखात डायनरच्या लोकप्रियतेचे श्रेय निऑनचे दिवे, लाल आसने आणि नाणे टाकून गाणी लावायचा ज्यूकबॉक्स यांना दिले आहे. माझे म्हणणे असे की डायनर टिकला तो तवा आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या तीन-चार फुटांच्या अंतरामुळे, आणि हे अंतर कुणा रचनाकाराने हौसेने ठरवलेले नाही. कारखान्यातून रस्त्याने किंवा मालगाडीवर न्यायचा म्हणून जुना डायनर जेमतेम दहा फूट रुंद असे, लांबीला तीस फुटांच्या आसपास. त्या दहा फुटांत मागच्या भिंतीला तवा आणि शीतकपाट, मग स्वयंपाक्याला वळण्यापुरती वाट, मग दीड-दोन फुटांचा काउंटर, जमिनीत ठोकलेली स्टुले आणि त्यांच्या पाठीशी जायला-यायला बोळ. स्वयंपाकघर आत न्यायला जागाच नव्हती. त्यामुळे एक माणूस जागेवरून फारसा न हलता, टाचेवर वळत अंडी काढतो, तव्यावर फोडतो, ताटलीत घालतो आणि पुढ्यात सरकवतो.

याचा चवीशी थेट संबंध आहे. तव्यावरून उचललेले अंडे ताटलीतही शिजतच राहते. पिवळा बलक वाहता हवा असेल, तर उचलल्यापासून एक-दोन मिनिटांत ते तोंडात जायला हवे. आतल्या खोलीतल्या स्वयंपाकघरातून, गरम दिव्याखाली थांबून आलेले अंडे कितीही चांगल्या कोंबडीचे असो, त्याचा बलक साकळलेला असतो. आपल्याकडे डायनरची तुलना नेहमी इराणी हॉटेलाशी होते. संगमरवरी टेबले आणि एकट्याने तासभर बसण्याची मुभा एवढ्यापुरती ती ठीक आहे, पण इराण्याची भट्टी आत असते. खरे साम्य रात्री कोपऱ्यावर लागणाऱ्या भुर्जीपावाच्या गाडीशी आहे. स्कॉटची गाडी आणि ती गाडी सख्ख्या बहिणी शोभतील.

चकाकीचेही कारण व्यवहारीच आहे. वूस्टरच्या डायनरांना बाहेरून भाजलेल्या मिन्याचे, म्हणजे पोर्सिलेन इनॅमलचे, पोलादी पत्रे असत आणि नाव त्या मिन्यातच भाजलेले असे, म्हणून पाऊण शतकानंतरही अक्षरे फिकी पडलेली दिसत नाहीत. त्याची खोड एकच: ठोकर लागून टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो आणि पत्र्यामागच्या लाकडी सांगाड्यात पाणी मुरते. जुना डायनर घेणाऱ्याने दारे-खिडक्यांच्या कडा आधी तपासाव्यात, त्या याचसाठी. स्टेनलेस स्टील पुढे आले, कारण तेलकट वाफ त्यावरून एका फडक्यात निघते. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा न ठेवता टाइलला गोलाई दिलेली असते, म्हणजे कचरा साचत नाही आणि झाडू सरळ फिरतो.

आता तव्याकडे. डायनरचा तवा म्हणजे पाऊण ते एक इंच जाडीची सपाट पोलादी प्लेट, बहुधा तीन किंवा चार फूट लांब, दर फुटाला खाली वेगळा बर्नर. जाडी महत्त्वाची. पातळ पत्र्यावर थंडगार बर्गर टाकला की त्या जागेचे तापमान कोसळते, मांसाचे पाणी सुटते आणि भाजण्याऐवजी ते उकडते. जाड प्लेट उष्णता साठवून ठेवते. वेगळ्या बर्नरांमुळे एकाच तव्याचे प्रदेश पडतात: अंड्यांसाठी साधारण १४० ते १६० अंश सेल्सिअस, पॅनकेकसाठी १९० च्या आसपास, बर्गर आणि बटाट्यांसाठी त्याच्या थोडे अलीकडे-पलीकडे. अंडी पॅनकेकच्या भागात पडली की कडांना तपकिरी जाळी धरते आणि पांढरे चिवट होते. उलट पॅनकेक अंड्यांच्या भागात पडला तर फुगायच्या आधी पसरतो आणि फिकट, चामट निघतो. प्रत्येक ऑर्डरनंतर खरवडणी फिरवायची, कारण पॅनकेकमधली साखर एकदा जळून चिकटली की पुढची दहा अंडी तिथेच अडकतात. तापलेल्या प्लेटवर गार पाणी किंवा बर्फ ओतून साफ करण्याचा आळशी मार्ग काही ठिकाणी दिसतो. त्याने प्लेट वाकते आणि मग तेल कायम एका बाजूला वाहते.

होम फ्राइज, म्हणजे तव्यावर भाजलेले बटाट्याचे तुकडे, हा डायनरच्या न्याहारीतला साधा दिसणारा आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा पदार्थ. कच्चे बटाटे कापून तव्यावर टाकले की बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात. नुकतेच उकडलेले गरम बटाटे कापले तर त्यांचा लगदा होतो. बरोबर रीत अशी: बटाटे सालीसकट, जरा कमीच उकडायचे, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे आतला स्टार्च घट्ट बसतो. सकाळी दोन सेंटिमीटरचे तुकडे करून तेलाच्या पातळ थरावर एकाच थरात पसरायचे आणि चार-पाच मिनिटे हात लावायचा नाही. कांदा, ढोबळी मिरची, मीठ आणि पॅप्रिका नंतर, कारण कांदा आधी टाकला तर त्याच्या पाण्याने बटाटा मऊ पडतो. सतत हलवत राहण्याचा मोह आपल्या हाताला फार, तो आवरला की निम्मे काम झाले.

पॅनकेकचे माप घरी करून बघण्यासारखे आहे. मैदा २५० ग्रॅम, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन लहान चमचे, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. वेगळ्या भांड्यात दोन अंडी, पातळ केलेले लोणी ५० ग्रॅम आणि बटरमिल्क ४८० मिलिलिटर. तिकडचे बटरमिल्क दाट आणि आंबट असते. त्याऐवजी आपले पातळ ताक घातले की पीठ सैल होते आणि दोष मात्र कृतीला दिला जातो. तीन भाग दही आणि एक भाग दूध घुसळून घ्यावे. कोरडे-ओले एकत्र करताना गुठळ्या राहू द्याव्यात. मऊ एकजीव होईपर्यंत फेटले की मैद्याला चिकटपणा येतो आणि पॅनकेक रबरी होतो. दहा मिनिटे ठेवावे, मग साठ मिलिलिटरची पळी. वरचे बुडबुडे फुटून छिद्रे उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटावे, एकदाच. उलथन्याने वरून दाबू नये, आत साठलेली हवा त्याने निघून जाते.

कॉफीबद्दल लेखात ‘अप्रतिम’ म्हटले आहे, ते शिष्टाचार म्हणून सोडून देऊ. डायनरची कॉफी पातळच असते, आणि ठरवून. मोठ्या काचेच्या भांड्यात साधारण १.९ लिटर पाण्याला ६० ते ७० ग्रॅम पूड, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. नव्या कॉफीच्या दुकानांत लिटरला ५५ किंवा अधिक घालतात. पेला पुन्हा पुन्हा फुकट भरायचा असल्याने तिसऱ्या-चौथ्या पेल्यालाही ती झेपली पाहिजे. खरा निकष पातळपणा नसून वेळ आहे. तापत्या चकतीवर अर्ध्या तासाहून अधिक राहिलेली कॉफी कडवट, जळकी होते. वर्दळीच्या डायनरात भांडे तेवढा वेळ टिकतच नाही, म्हणून तिथली कॉफी बरी लागते. नारिंगी मुठीचे भांडे म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. सँका या ब्रँडच्या रंगावरून ती खूण रूढ झाली. नको असेल तेव्हा पेल्यावर हात ठेवला की पुरे, बोलावे लागत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘काउंटरवर सगळे समान’ असे वाक्य लेखात आहे. सुरुवातीच्या गाड्या आणि डायनर पुरुषांचेच होते. बायकांना स्टुलावर बसणे अवघड आणि कमीपणाचे वाटे, म्हणून १९२०च्या दशकात बूथ, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाके असलेल्या जागा, आले आणि बाहेर ‘लेडीज इन्व्हायटेड’ अशा पाट्या लागल्या. कृष्णवर्णीयांसाठी तर कित्येक ठिकाणी दारच बंद होते. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या चाड देशाच्या राजदूतांना मेरीलँडमधल्या रूट ४० वरच्या एका डायनरने वाढायला नकार दिला. केनेडी सरकारची जगभर नाचक्की झाली. त्यानंतर बाल्टिमोरच्या ‘ॲफ्रो-अमेरिकन’ या वृत्तपत्राच्या बातमीदारांनी आफ्रिकी पाहुण्यांचा वेश करून त्याच रस्त्यावरची हॉटेले पालथी घातली आणि परदेशी समजून कुठे कसे वाढले जाते ते छापले. मेरीलँडचा कायदा १९६३ मध्ये आणि देशाचा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये आला. स्टुलावर शेजारी शेजारी बसण्याचे कौतुक करताना ते आंदोलनाने मिळाले आहे हे एका ओळीत तरी यायला हवे होते.

न्यू जर्सीचे डायनर हा वेगळाच प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक स्थलांतरितांनी हा धंदा मोठ्या प्रमाणात हाती घेतला आणि कारखाने तुकड्यातुकड्यांनी बांधून जागेवर जोडायचे मोठे डायनर देऊ लागले. जागा वाढली तशी खाद्ययादी वाढली. आज ती पुस्तकाएवढी जाड असते आणि पहाटे तीन वाजताही तिच्यात पास्ता, मासे, पॅनकेक सगळे हजर. हे जमते कसे, तर मोजक्या तयार घटकांतून: उकडलेले बटाटे, भाजलेली टर्की, ब्राऊन ग्रेव्ही, सूप, टोस्ट. तोच बटाटा, तीच ग्रेव्ही दहा नावांनी येते. म्हणून अनोळखी डायनरात यादीच्या मागच्या पानांवरचे सीफूड मागवू नये, ते फ्रीझरमधून येण्याची शक्यता फार. अंडी, बटाटे, बर्गर, ग्रिल्ड चीज असे तव्यावरचे मागवावे. क्लिफ्टनच्या टिक टॉक डायनरच्या पाटीवर ‘ईट हेवी’ असे स्पष्ट लिहिले आहे, एवढा प्रामाणिकपणा फार थोड्या हॉटेलांत सापडतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि आसपास मुलांकडे राहायला येणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी शाकाहाराबद्दल थोडे, कारण लेखात ‘शाकाहारींचीही चंगळ’ इतकेच आहे. होम फ्राइज बहुधा बेकनच्याच (खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या) तव्यावर, कधी बेकनच्याच चरबीत होतात. फ्रेंच फ्राइज कोंबडी तळलेल्या तेलातच तळलेले असू शकतात. भाजीच्या सुपाचे पाणी अनेकदा गोमांसाचे किंवा कोंबडीचे असते. फ्राइजवर ब्राऊन ग्रेव्ही आणि मोझरेला घालून येणाऱ्या ‘डिस्को फ्राइज’ची ग्रेव्ही मांसाची समजावी. पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, जेल-ओ नावाच्या थरथरत्या गोड पदार्थात जिलेटीन असतेच, पॅनकेकमध्ये अंडे. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही; ‘यात मांसाचे पाणी किंवा चरबी आहे का’ असे पदार्थ दाखवून विचारावे, वाढणाऱ्या बाई आत विचारून खरे सांगतात. ग्रीक मालकांची कृपा अशी की पालक आणि फेटा चीजचा स्पॅनाकोपिटा आणि ग्रीक सॅलड बहुतेक ठिकाणी मिळते. टेलर हॅम किंवा पोर्क रोल या नावाने जे येते ते डुकराचे मांस. त्याच्या चकतीला कडेने चिरा दिलेल्या दिसतात, त्या नक्षी नव्हेत. चिरा नसतील तर तव्यावर चकती वाटीसारखी फुगते आणि मधला भाग भाजला जात नाही.

डायनर संकटात आहेत, हे लेखातले विधान बरोबर आहे, पण कारण ‘नव्या पिढीची आवड’ असे दिले आहे. ती जुनी सबब आहे. १९५०च्या दशकात फास्ट फूडच्या साखळ्या आणि १९५६ च्या कायद्याने आलेले महामार्ग यांनी पहिला फटका दिला. अलीकडचा फटका रात्रीच्या कामगारांच्या टंचाईचा आणि अंड्यांच्या भावाचा. करोनानंतर चोवीस तास उघडे असणाऱ्या कितीतरी डायनरांनी रात्र सोडून दिली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला; त्याआधी फेब्रुवारीतच वॉफल हाउस या साखळीने दर अंड्यामागे ५० सेंट जादा लावले होते. ज्या धंद्याची निम्मी यादी अंड्यांवर उभी आहे त्याला हे किती लागले असेल ते सांगायला नको. वॉफल हाउस ही १९५५ मध्ये जॉर्जियात सुरू झालेली साखळी. अस्सल डायनरवाले तिला आपल्यात धरत नाहीत, पण तव्यामागची शिस्त पाहायची तर तिथे पाहावी. ऑर्डर ओरडून सांगितली जाते आणि स्वयंपाकी ताटलीवर फळांच्या जेलीची, मोहरीची पुडी विशिष्ट जागी, उलटी किंवा सुलटी ठेवून कोणत्या ताटलीत काय जायचे ते लक्षात ठेवतो.

पुण्या-मुंबईत ‘अमेरिकन डायनर’ थाटाची ठिकाणे निघतात. त्यांत सारा खर्च काळ्या-पांढऱ्या फरशीवर आणि निऑनवर होतो, तवा मात्र आतल्या खोलीत. मिल्कशेक मिक्सरच्या भांड्यात फिरवतात, पात्यांच्या वेगाने आइस्क्रीम वितळून त्याचे गोड दूध होते. दांड्याच्या मिक्सरवर, स्टीलच्या उंच पेल्यात २०० ग्रॅम आइस्क्रीमला १२० मिलिलिटर दूध आणि दोन मोठे चमचे सिरप एवढेच घालून अर्धा मिनिट फिरवावे, पेल्यात उरलेले गिऱ्हाइकाला ग्लासाशेजारी द्यावे. तव्यासाठी परदेशाकडे बघायचे कारण नाही. डोशाच्या भट्ट्या बनवणाऱ्या कारागिराकडून वीस मिलिमीटरची प्लेट, खाली तीन स्वतंत्र बर्नर आणि पुढे तेल उतरायची पन्हाळ करून घ्यावी, तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा आणि ती प्लेट काउंटरच्या मागे, वर जोरदार चिमणी लावून बसवावी. चिमणी कमी पडली की तासाभरात गिऱ्हाइकांचे डोळे चुरचुरतात आणि मालक तवा आत हलवतो. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते.

प्रत्यक्ष बघायचे असेल तर न्यू जर्सीत समिट स्टेशनसमोरचा समिट डायनर सोयीचा, ओमहोनीच्या कारखान्यातला, १९३०च्या दशकाच्या अखेरचा. न्यूयॉर्कहून थेट गाडी आहे. वूस्टरला मिस वूस्टर आणि बुलेव्हार्ड हे दोन तिथल्याच कारखान्याचे. ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेटचा मॉडर्न डायनर आगगाडीच्या इंजिनासारख्या तोंडाचा आहे. १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेलेला तो पहिला डायनर. शनिवार-रविवारी दहा ते एक टाळावे. आडवारी सकाळी आठच्या आत जावे आणि बूथ न घेता तव्यासमोरचे स्टूल धरावे. बिल अनेक ठिकाणी दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असते. न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के कर लागतो. टिप कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के, रोख, काउंटरवर ठेवावी. टिप घेणाऱ्यांचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. काही राज्ये अधिक देतात, पण घर चालते ते टिपवरच. फक्त कॉफी घेऊन तासभर बसलात तरी दोन-तीन डॉलर ठेवून उठावे.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी